पदराला गाठ मारणारी आक्का

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाही. शिवकन्येच्या बारावीच्या वहीत मागची कोरी पानं उरली आहेत, त्यांवर लिहिते आहे. तोंडावर मी आक्काला पंचवीस वर्षं 'तुम्ही' म्हटलं. इथं 'ती' लिहिणार.

आक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. तिचं लग्न सेनगावच्या बाजूला करून दिलं होतं. दोन महिन्यांत नवऱ्यानं तिला आणून दारात उभं केलं आणि चहा न घेता निघून गेला. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, तिनंही कधी सांगितलं नाही. ती परत नांदायला गेली नाही आणि कपाळाचं कुंकूही तिनं काढलं नाही. मी या घरात आले तेव्हा सासू खाटेवर होती आणि घराच्या किल्ल्या आक्काच्या कमरेला होत्या. सासू गेली. किल्ल्या तिथंच राहिल्या.

दुसऱ्या बायकांच्या कमरेच्या किल्ल्या चालताना वाजतात. आक्काच्या वाजत नसत, कारण ती त्या मुठीत दाबून चालायची. मी चुलीपुढं बसलेली असायचे आणि एकदम मानेजवळ आवाज यायचा, "मला काय करायचंय, पन तेल जरा जास्तीच पडायलंय." तिचं प्रत्येक बोलणं 'मला काय करायचंय' पासून सुरू व्हायचं. मला काय करायचंय, पन अमक्याची सून माहेरावून अजून आली न्हाई. मला काय करायचंय, पन त्या घरात दोन दिवस झाले चूल येगळी दिसायली. तिला काही करायचं नाही अशी एकही गोष्ट आमच्या गावात नव्हती.

पण गाव तिला ओळखायचं ते पदराच्या गाठीवरून. विसरायला होऊ नये म्हणून पुष्कळ बायका पदराला गाठ मारतात. कुणाचं पातेलं परत द्यायचं असतं, गिरणीतून दळण आणायचं असतं. आक्का माझ्या चुका बांधून ठेवायची. दूध उतू गेलं, एक गाठ. हापशावर कुणाशी हसून बोलले, दुसरी. तेव्हा काही बोलायची नाही. माझ्याकडं बघायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, गाठ मारायची आणि निघून जायची. मग दिवसभर माझं लक्ष तिच्या पदराकडं. संध्याकाळी हे जेवायला बसले की ती ताटाशेजारी पाट टाकून बसायची. मी आत भाकरी थापत असायचे. ती पदर मांडीवर घ्यायची आणि एकेक गाठ सोडायची.

"बापू, मला काय करायचंय, पन आज दूध उतू गेलं."

"हं," हे म्हणायचे.

"पान्याला गेली तर घंटाभर येत न्हाई. काय बोलती कुनाशी, देव जाने."

"हं."

सगळ्या गाठी सुटल्या की ती मोकळा पदर झटकून खांद्यावर टाकायची आणि पोटभर जेवायची. हे वाईट माणूस नाहीत. पण पंचवीस वर्षांत 'हं' शिवाय दुसरं काही म्हणाले असते तर मला ही वही लागली नसती.

गाठी मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मात्र मला मान्य करावं लागतं. वासराचं दावं असो की हळदीचं पोतं, आक्कानं बांधलं की दुसऱ्याला सुटायचं नाही. वसमतच्या बाजारात हमाल ओरडायचे, "हे पोतं कोन्या बाईनं बांधलंय? इळा आना रे!" हे घरी येऊन ते सांगायचे आणि आक्का फुगायची. शिवकन्या लहानपणी तिच्याजवळ बसून सुतळीच्या तुकड्यावर ती गाठ शिकली. माझ्या पोरीला तिनं दिलेली ती एवढीच एक वस्तू.

या गाठीशी माझी ओळख लग्नाच्या दिवशीच झाली. नवरा-नवरीच्या कपड्यांची गाठ मारायचा मान नणंदेचा, म्हणून ह्यांच्या उपरण्याला माझ्या शेल्याची गाठ तिनं मारली. घरी आल्यावर ती सोडायचा मानही तिचाच. गाठ सुटेना. बायका म्हणाल्या, "काप की मग कात्रीनं." आक्का म्हणाली, "लग्नाची गाठ कोनी कापीत असतेत काय? बसू द्या दोघांला." आम्ही भर दुपारपासून दिवस कलेपर्यंत एका सतरंजीवर बसून राहिलो. मला लघवीला जायचं होतं. अठरा वर्षांची मी, घर पाहुण्यांनी भरलेलं, नवरा अजून एक शब्दही बोललेला नाही. कुणाला सांगणार? अंगावरचा घाम आणि डोळ्यातलं पाणी एकच झालं. शेवटी आक्का आली, वाकली, नखानं कुठंतरी दाबलं आणि गाठ चटकन उकलली. म्हणजे ती दुपारीच उकलता येत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. ते हसू मी विसरावं असं तिनं मला नंतर काही दिलं नाही.

ती सातवी शिकलेली, मी चौथी. किराणा बांधून आलेला कागद उलगडून मी वाचत बसायचे, तेवढीच माझी करमणूक. एकदा तिनं मागून येऊन कागद ओढून घेतला, चुलीत घातला आणि म्हणाली, "चौथी शिकून कलेक्टर व्हायलीस का?" त्या दिवसापासून तिनं मला नावानं हाक मारली नाही. 'ये चौथे' म्हणायची. पाहुण्यांसमोरसुद्धा. नवीन पाहुण्यांना वाटायचं, या घरात आधी तीन सुना असतील.

लोक सांगायचे, आक्कानं लई सोसलंय, समजून घ्यावं. सोसलं असेल. पण ते तिनं माझ्याकडून फेडून घ्यायला मी काही तिच्या नवऱ्याच्या घरची नव्हते.

शिवकन्या माझी एकुलती एक. बारावीनंतर तिला डॉक्टर व्हायचं होतं. इथं नंबर लागला नाही. औंढ्याकडच्या दोन पोरी किर्गिझस्तान नावाच्या देशात डॉक्टरकी शिकत होत्या, म्हणून तिनंही तिकडं जायचं ठरवलं. गावात त्या देशाला सगळे रशियाच म्हणतात. आक्कानं तीन दिवस जेवण सोडलं. म्हणजे आमच्यासमोर सोडलं, दुधाची साय कमी होत होती. त्या एका वेळेला ह्यांनी तिचं ऐकलं नाही. "जाऊ दे तिला," म्हणाले आणि लगेच रानात निघून गेले.

निघायच्या दिवशी आक्कानं देवापुढं पोरीला उभं केलं. तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर हळद ठेवली. आमच्याकडं बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ मोडत नाहीत. मोडली तर घरावर येतं म्हणतात.

"म्हन, हॉस्टेल आन् कॉलेज, तिसरी वाट न्हाई."

"आत्या, बाजाराला तर जावं लागंल की."

"म्हन आधी."

"हॉस्टेल आन् कॉलेज, तिसरी वाट न्हाई," शिवकन्या म्हणाली. हळदीचं ताट मी धरलं होतं. मी काही बोलले नाही, हेही इथं लिहून ठेवते.

तीन वर्षं पोरगी खाली मान घालून शिकली. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि जूनमध्ये, आमची हळदीची लागण चालू असताना, ती चार मित्र-मैत्रिणींबरोबर तिथल्या डोंगरात तीन दिवस फिरायला गेली. मला तिनं सांगितलं होतं. "आई, बर्फ बघून येते, आत्याला सांगू नको." मी नाही सांगितलं. पण आमचा मोठा फोन घरी राहतो, हे छोटा फोन घेऊन रानात जातात, आणि मोठा फोन आक्काच्या हातात असतो, हे पोरगी आनंदात विसरली. तिनं वडिलांच्या फोनवर फोटो पाठवले.

मी ओट्यावर लसूण सोलत होते. आक्का बोटानं फोटो सरकवत होती. बर्फाचे डोंगर, हिरवं गवत, घोडे, पांढऱ्या लोकरीच्या जाड कापडाचे गोल तंबू. एका म्हातारीनं पोरांच्या हातात वाट्या दिलेल्या. "हे काय पेऊन राहिली?" आक्का म्हणाली. पोरीनं मला आधीच फोनवर सांगितलं होतं, ते घोडीचं आंबवलेलं दूध होतं. मी म्हणाले, "ताक आसंल." मग ती एका फोटोवर थांबली. बराच वेळ थांबली. पदराकडं तिचा हात गेला, पण तिनं गाठ मारली नाही. एवढी मोठी गोष्ट पदरात मावणार नव्हती.

"चौथे, हिकडं ये. हे वाच."

"आक्का, फोटो हाय, वाचायचं काय त्याच्यात?"

"म्हनूनच म्हनते, वाच."

फोटोत एक पोरगा पुढं होता, शिवकन्या मागं. तिच्या डोक्यावरून लाल ओढणी घेतलेली. ओढणीचं टोक पोरग्याच्या पांढऱ्या मफलरला गाठ मारून बांधलेलं. दोघंही खाली बघून हसत होते. मागं तंबूतून धूर निघत होता.

"पोरगा म्होरं, पोरगी माघं," आक्का म्हणाली, "डोक्यावर पदर, मधात गाठ, माघं होमाचा धूर. भटजी तेवढा फोटूत मावला न्हाई."

खोटं कशाला लिहू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. आमच्या डोळ्यांनी त्या गाठीत दुसरं काही दिसतच नाही. माझ्या हातातला लसूण खाली पडला. मग मी नीट बघितलं आणि दोघांच्या पायांखाली पाणी दिसलं. लग्न लावायला कुणी चपला-बूट गळ्यात अडकवून पाण्यात उभं राहत नाही. मी ते आक्काला दाखवलं. ती म्हणाली, "तिकडली रीत आसंल."

संध्याकाळी पोरीचा फोन लागला. तिनं सांगितलं ते असं. सकाळी त्यांनी एक ओढा दगडांवर पाय देत ओलांडला होता. दुपारी उन्हानं वरचा बर्फ वितळला आणि परत येईपर्यंत तोच ओढा कमरेएवढा झाला. दोर नव्हता. म्हणून पोरींनी ओढण्या आणि पोरांनी मफलरी पिळून एकमेकांना बांधल्या आणि साखळी करून पाण्यात उतरले. पहिली पोरगी पलीकडं पोचली, तिनं ओढणीतून मोकळी होऊन फोटो काढला. चौकटीत दोघंच आले. पोरग्याचं नाव ओंकार, नांदेडचा, तिच्या वर्गातला. चौघे बांधलेले आहेत असा दुसरा फोटोही तिनं लगेच पाठवला.

आक्कानं तो बघितला. "एक सापडल्यावर दुसरा बनवायला काय टाइम लागतंय?" मग फोन तोंडाजवळ धरून ती म्हणाली, "बेलभंडारा उचलला व्हतास तू. तिसरी वाट धरलीस. आता घरावर आलं तर तुह्या मायला इचार."

"आत्या, वाट नव्हतीच तिथं, पानी व्हतं," पोरगी म्हणाली. मला हसू आलं. ते आक्कानं पाहिलं आणि त्याची मात्र गाठ बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार निघाली. तिची एक रीत होती. लोकांनी आपल्या घराची चर्चा करायच्या आत ती स्वतःच करायची. "मला काय करायचंय, घरचीच पोरगी हाय, पन तुमी कुनाला सांगू नका." फोन बरोबर असायचाच. आठ दिवसांत आमच्या पोरीनं रशियात लग्न केलं हे कळमनुरीच्या बाजारापर्यंत गेलं. गिरणीत एक बाई मला विचारते, "जावई कोन्या गावचे म्हनलीस?" मी दळण तिथंच ठेवून घरी आले.

जुलैच्या शेवटी शिवकन्या सुट्टीला आली. आक्कानं तिची दृष्ट काढली, कानशिलावर बोटं मोडली. बॅग उघडताना ती शेजारीच बसली होती. पासपोर्ट तिनं उचलला. "पोरीचा महत्त्वाचा कागद हाय, हरवंल," म्हणाली आणि आपल्या लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं. आम्हाला वाटलं खरंच जपून ठेवला. पंधरा दिवसांनी कळलं. पोळ्याच्या आधी पोरीचं विमान होतं आणि त्याच्या आधीच्या रविवारी पुसेगावची मंडळी तिला बघायला येणार होती. आक्कानं परस्पर ठरवलं होतं.

"आजून तीन वर्षं हायेत माझी, आत्या," शिवकन्या म्हणाली.

"बास झालं. ताप बघता येतो न्हवं? सुई टोचता येती? सासरी तेवढं लागतंय. नाव गेलेली पोरगी आजून तीन वर्षं ठेवली तर कोन करील?"

नाव कुणी घालवलं हे तिला कुणी विचारलं नाही.

"पासपोर्ट द्या मग."

"पेटीत हाय. सुखरूप हाय."

पोरगी माझ्याकडं आली. मी गोठ्यात शेण भरत होते. "आई, तू बोल बाबाला," म्हणाली.

"मी? तू शिकलेली, तू बोल."

"मी बोलले की आत्या म्हणत्यात, बघा रशियाची भाषा. तू कधीच बोलली न्हाईस, म्हून तुझं ऐकतील." मग म्हणाली, "न्हाई बोललीस तर मी पुसेगावला जाईन, आई. तुझ्यासारखी भाकरी थापीन. तुला चालंल का सांग."

मी पाटी उचलून उकिरड्यावर गेले आणि तिथं उभी राहून पदराला एक गाठ मारली. मग दुसरी. घरी येईपर्यंत चार झाल्या होत्या. आक्काच्या नजरेतून काय सुटणार?

"काय इसरायलीस, चौथे?"

"काई इसरू न्हाई म्हून, आक्का."

त्या दिवशी हे जेवायला बसले तेव्हा आक्काच्या आधी मी ताटाशेजारी पाट टाकला आणि बसले. भाकरी शिवकन्या थापत होती. आक्का दारात येऊन उभी राहिली. किल्ल्या तिच्या मुठीत होत्या, पण त्या दिवशी त्या वाजल्या. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही, मांडीवरच्या पदराकडं बघत राहिले. पहिली गाठ सोडली.

"लग्नाच्या दिशी आपुन सतरंजीवर बसलो व्हतो. गाठ सुटत व्हती. आक्कानं सोडली न्हाई."

दुसरी. "पोरगी दोन वर्साची आसताना तापानं फनफनली व्हती. आभाळ आलं म्हून आक्कानं मला हळद झाकायला धाडलं. आले तर पोरगी डोळे पांढरे करून पडली व्हती. तुमाला सांगितलं का कोनी? मला तिच्याजवळ बसायचं व्हतं."

तिसरी. "पोरीचं नाव गावानं न्हाई घालवलं. घरातून गेलं ते."

चौथी गाठ सुटेना. मी ती तशीच मुठीत धरली. "पासपोर्ट पेटीत हाय. सोमवारी पोरीला निघायचंय."

हे जेवायचे थांबले होते. मला वाटलं आता 'हं' येणार आणि संपणार. ते म्हणाले, "आक्का, पेटी उघड."

"न्हाई उघडत," आक्का म्हणाली. "बायकोनं चार गाठी काय सोडल्या, लगेच? भंडारा उचलून मोडला तिनं. लोकाच्या पोराला गाठ मारून घेतली. त्या गाठीचं काय?"

शिवकन्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "आत्या, ती गाठ तुमचीच व्हती," ती म्हणाली.

"माही कशी आसंल?"

"ओंकारनं आधी साधी गाठ मारली व्हती. मी म्हनलं, थांब, ही सुटंल. मग मी सगळ्यांच्या तुमच्यासारख्या मारल्या, हळदीच्या पोत्याच्या. मधात गेल्यावर त्याचा पाय घसरला. डोक्यावरून पानी गेलं त्याच्या. आमी ओढला. ओढणी फाटाय आली, पन गाठ हालली न्हाई. फोटोत हसायलोत ना, ते वाचल्यावर हसायलोत. म्हून पाठवला व्हता तो फोटो. तुमी फोनवर बोलूच दिलं न्हाई."

आक्का मुठीतल्या किल्ल्या चाळवत होती. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, तरी पुढं ती काय म्हणेल ते मला ओळखता आलं नसतं. ती म्हणाली, "कशी मारली व्हतीस? दाव."

शिवकन्येनं आपली ओढणी आणि आक्काचा पदर घेऊन गाठ मारली. आक्कानं ओढून बघितली. "खालचं टोक उलटं घ्यायचं ऱ्हायलं. नशीब म्हून टिकली," म्हणाली. मग तिनं ती सोडून दाखवली, परत मारून दाखवली, आणि नख नेमकं कुठं दाबायचं तेही दाखवलं. पोरीला दाखवत होती, पण मीही बघत होते.

सकाळी पासपोर्ट पिठाच्या डब्यावर ठेवलेला होता. पुसेगावला तिनं काय निरोप दिला ते माहीत नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, म्हातारी विरघळली. अजिबात नाही. त्याच सकाळी ती त्याच दारांत उभी होती. "रशियात बर्फाच्या नदीत पाच पोरं वाहून चालली व्हती. कशानं तगली, इचारा. माह्या गाठीनं." चार दिवसांत पाचाची दहा पोरं झाली आणि ओढ्याची पूर्णा नदी झाली. बेलभंडारा होता म्हणूनच पोरगी वाचली, असंही ती सांगायची. ज्या बायकांनी पोरीला नावं ठेवली होती त्या आक्काच्या पाया पडायला लागल्या. पोरीचं नाव तिनं घालवलं, तिनंच परत आणलं, आणि दोन्ही वेळा आपलाच मोठेपणा करून घेतला. 'माहं चुकलं' हे शब्द तिला येतच नव्हते. ज्या गोष्टीत ती मोठी दिसते ती गोष्ट तिला मिळाली, म्हणून पोरगी सुटली. मी बोलले म्हणून सुटली असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. आता तेवढं वाटत नाही.

सोमवारी पोरगी जीपमध्ये बसली. जीप वळणावरून गेली तेव्हा मी डोळे पुसत मागं फिरले, तर आक्का माझ्याकडं बघत होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सावकाश गाठ मारली. कुणाच्या नावाची ते सांगायला नको. पण ती सोडायला तिला जागा उरली नव्हती. त्या संध्याकाळी ताटाशेजारी मी बसले होते, दुसऱ्या दिवशीही, आणि रोज. ती दारातून बघायची आणि जायची.

ती गाठ तिनं टाकली नाही. लुगडं बदललं की आधी जुन्या पदराची गाठ सोडायची आणि नव्या पदराला मारायची, मगच निऱ्या घालायची. एकच गाठ, रोज सकाळी. दोन वर्षं मी ती बघितली. ह्यांना ती कधी सांगता आली नाही. मला वाटतं तिला काय सांगायचं होतं तेही ती नंतर विसरली असेल, फक्त माझ्या नावाची आहे एवढं लक्षात ठेवलं असेल.

या हिवाळ्यात तिला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. पदर मोकळाच राहू लागला. हे नांदेडला घेऊन गेले, तिथून आठ दिवसांनी परत आणली. शिवकन्या तिकडून फोनवर सांगायची, आई, कुशीवर वळवत जा, पाठीला जखम होऊ देऊ नको. मी वळवायचे. भरवायचे, धुवायचे. बायका म्हणायच्या, केवढी सेवा करतीस. सेवा करताना माणूस मऊ होतं म्हणतात. माझे हात दुखले, बाकी काही झालं नाही. किल्ल्या आता माझ्या कमरेला होत्या. मी त्या मुठीत धरत नसे. मी येते आहे हे तिला ऐकू यावं असं मला वाटायचं.

ती गेली त्या दिवशी सकाळी मी तिचं लुगडं बदललं. पदर अंगावर टाकला तर तिनं डाव्या हातानं टोक पकडून माझ्याकडं ढकललं. मी ते परत तिच्या खांद्यावर ठेवलं. तिनं पुन्हा ढकललं. घशातून आवाज काढला. डोळे माझ्यावर रोखलेले.

"गाठ?" मी विचारलं.

तिनं पापणी मिटली आणि उघडली.

तिला दुसरी कुणी बाई मिळाली नसती का? शेजारीण रोज यायची. पण तिला माझ्याच हातून ती हवी होती. मी पलंगावर बसले आणि माझ्या नावाची गाठ तिच्या पदराला मारली. खालचं टोक उलटं घेतलं. तिनं डाव्या हातानं ओढून बघितली. गाठ हालली नाही. तिनं हात खाली ठेवला.

दुपारी ती गेली. अंघोळ घालायला बायकांनी लुगडं उतरवलं तेव्हा एकजण म्हणाली, "हिच्या पदराला गाठ हाय गं. काई बांधलेलं आसंल, सोडून बघ की."

"सुटत न्हाई ती," मी म्हणाले आणि लुगडं तसंच घडी करून तिच्याबरोबर द्यायला लावलं.

नख कुठं दाबायचं ते मला माहीत होतं.